पावसाळी पानं

समुद्रावर आपण कुठे आहोत हे शोधायचं असेल, तर आपण कुठे आहोत ते आधी ठरवून टाकावं लागतं. दमयंती कुबल हे वाक्य दर वर्षी पहिल्याच तासाला टाकत, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटे, "मग शोधायचं कशाला?" कुबल मॅडम त्याच प्रश्नाची वाट बघत असत.

"त्याला म्हणायचं गृहीत स्थान," म्हणत त्या फळ्यावर एक टिंब काढत. "कालपासून कुठल्या दिशेने, किती वेगाने आलो, त्यावरून बांधलेला अंदाज. मी या टिंबावर असेन, तर अमुक वाजता श्रवण तारा क्षितिजापासून किती वर दिसायला हवा, ते गणिताने काढता येतं. समजा, बेचाळीस अंश दहा मिनिटं. आता डेकवर जा, सेक्स्टंट डोळ्याला लाव, खरी उंची मोज. आली बेचाळीस अंश अठरा मिनिटं. म्हणजे आठ मिनिटांचा फरक. कोनाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. तू टिंबापासून आठ मैल श्रवणाच्या बाजूला आहेस. तिथे एक आडवी रेघ मार. ती तुझी स्थानरेषा, तिच्यावर तू कुठेतरी आहेस. दुसऱ्या ताऱ्याची दुसरी रेघ, तिसऱ्याची तिसरी. तिघी जिथे भेटतात, तिथे तू."

नौकानयनाची ही प्रशाला मालवणच्या उत्तरेला, एका खाडीच्या तोंडाशी होती. पदविका मराठीतून शिकवायचं ठरलं तेव्हा परिभाषा समितीने शब्दांची यादी पाठवली होती. उंचीला उन्नतांश, फरकाला अंतःखंड. मॅडमनी उन्नतांश पुस्तकापुरता ठेवला आणि अंतःखंड उडवून लावला. समितीला त्यांनी उलटटपाली कळवलं, की संध्याकाळी तारे दिसू लागतात आणि क्षितिज अजून पुसलेलं नसतं, अशी जेमतेम वीस मिनिटं पोरांना मिळतात, त्यात अंतःखंड म्हणत बसायला कोणाला सवड नाही. शिवाय फरक म्हटलं की आपण चुकलो होतो हे सरळ कळतं. समितीने पुढे काही कळवलं नाही, म्हणजे फरक राहिला.

"फरक आला म्हणून तोंड पाडू नका," त्या वर्गात सांगत. "सगळ्या गणितात आभाळाने तुम्हाला सांगितलेलं एवढंच असतं. बाकी सगळं तुमचंच तुम्ही मांडलेलं."

बाई स्पष्टवक्त्या आणि शिस्तीच्या. बावीस वर्षं जहाजांवर काढलेली, त्यानंतर अठरा वर्षं इथे शिकवण्यात. त्यांची सही असलेली निरीक्षणवही घेऊन गेलेल्या पोराला कंपन्या दुसरं काही विचारत नसत.

आणि तारे पुन्हा शिकवायची वेळ का आली, तर दूरच्या युद्धांमुळे. एकमेकांची अस्त्रं भरकटवायला राष्ट्रं उपग्रहांच्या नावाने खोटे संदेश सोडू लागली, आणि त्यात मधल्या मधे जहाजं भरकटू लागली. पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसे, जहाज मात्र भलतीकडेच असे. शेवटी २०३८ साली नियम झाला, की प्रत्येक मोठ्या जहाजाकडे उपग्रहाशिवाय, आभाळावरून स्थान काढण्याची सोय हवी.

ती सोय म्हणजे 'डोळा'. पुण्याच्या एका छोट्या कंपनीतल्या नचिकेत वेलणकरने तो बनवला होता. डोलकाठीवर काचेचा घुमट, आत कॅमेरा. तो अवरक्त प्रकाशात बघतो, म्हणून भर दुपारीही त्याला तारे दिसतात. तारे दिसणं सोपं होतं, अवघड होतं क्षितिज. जहाज डुलतं, लाटा क्षितिजाची कड कुरतडतात, उष्णतेने ती वरखाली होते, आणि त्यात एका मिनिटाची चूक म्हणजे समुद्रावर एक मैल. कुठल्या हवेत, कुठल्या लाटेत क्षितिज किती सुधारून घ्यायचं, हे जुन्या खलाशाच्या नजरेत असतं, पुस्तकात नसतं. नचिकेतला ती नजर यंत्राला शिकवायची होती. त्यासाठी त्याला हवी होती माणसांनी केलेली हजारो निरीक्षणं.

पाच वर्षांपूर्वी तो प्रशालेत आला. मॅडमनी कपाट उघडून दिलं. तोवरच्या तेरा वर्षांच्या वह्या, एक्केचाळीस हजार निरीक्षणं. "ही सर्व प्रत्यक्ष निरीक्षणं आहेत" अशा कागदावर त्यांनी सही केली. त्या दिवशी त्यांना फार बरं वाटलं होतं. आपल्या पोरांची नजर आता जगभर जाणार, असं त्यांनी घरी फोन करून सांगितलंही.

मार्चमध्ये एका दुपारी अफरीन मुकादमचा फोन आला. अफरीन जयगडची, घरात चार पिढ्यांची जहाजावरची नोकरी, पण मुलींमधली ती पहिली. मॅडमच्या हाताखालून गेलेल्यांत इतकं स्वच्छ क्षितिज धरणारं दुसरं कोणी नव्हतं. ती सिमेंटच्या एका मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होती. महिन्यापूर्वी ते जहाज लक्षद्वीपच्या वरच्या अंगाला एका बुडीत खडकावर घासलं, इंजिनरूममधल्या एकाचा पाय मोडला. हे मॅडमनी पेपरात वाचलं होतं.

"चौकशी माझ्यावर आलीय, मॅडम," अफरीन म्हणाली. "उपग्रहाचं स्थान खोटं होतं हे सगळ्यांनी मान्य केलंय. पण डोळ्याने तेच स्थान दिलं आणि माझ्या वहीतही तेच आहे. डोळ्याची कंपनी म्हणते, तो पुन्हा तपासला, ठणठणीत आहे, कधीतरी सगळ्यांकडून चूक होते. पण मी आभाळाकडे न बघताच आकडे भरले, असा ठपका आहे. निष्काळजीपणा. प्रमाणपत्र कायमचं रद्द करणार."

"आणि तू बघितलं होतंस?"

"हो. तीन तारे. नऊ मैलांचा फरक आला."

"मग वहीत काय आहे?"



"कॅप्टन म्हणाले, उपग्रह एक सांगतोय, डोळा तेच सांगतोय, तूच एकटी शहाणी का? पुन्हा बघ म्हणाले. पुन्हा बघायला क्षितिज राहिलं नव्हतं. मग मी चार्टरूममध्ये बसून उलटं गणित केलं. अर्ध्या मैलाचा फरक लिहिला. कच्चा कागद खिशात राहिला. तो आहे माझ्याकडे. पण तो दाखवला तर वही मीच खोटी केली हेही दिसणार, आणि कागद मागाहून लिहिला नाही कशावरून, असं विचारतील."

"उलटं गणित," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्याच वर्गात शिकले," अफरीन म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, आणि म्हणूनच ते लागलं.

आता ही भानगड सांगायला हवी. अभ्यासक्रम असा होता, की वर्षाच्या प्रत्येक महिन्यात ठरावीक निरीक्षणं वहीत हवीत. अभ्यासक्रम दिल्लीत बसून केलेला. कोकणात जूनपासून चार महिने ताराच काय, धड सूर्य दिसत नाही. मग जून ते सप्टेंबरची पानं पोरं वर्गात बसून भरत. आपलं खरं स्थान माहीत असतंच, त्यावरून ताऱ्याची उंची काढायची, त्यात संशय येऊ नये म्हणून अर्ध्या मैलाची चूक मुद्दाम घालायची, आणि ती मोजली म्हणून लिहायची. त्यांना म्हणत पावसाळी पानं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला त्यात पाप वाटत नव्हतं. मॅडमनी पहिल्याच पावसाळ्यात वरती पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. पोरांचं वर्ष वाया जायला लागलं तेव्हा त्या सह्या करू लागल्या. गणिताचा सराव तर होतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं.

अफरीनने कच्च्या कागदाचा फोटो पाठवला. मॅडमनी तक्ते काढून हाताने गणित केलं. नऊ मैल आणि वर थोडं. तिन्ही रेघा एका छोट्या त्रिकोणात भेटत होत्या, आणि खडक त्या त्रिकोणापासून हाकेच्या अंतरावर होता. पोरीने बरोबर पाहिलं होतं.

मग त्यांनी डोळ्याचा तपासणी अहवाल मागवून घेतला. कंपनीने त्यात दोनशे निरीक्षणं दिली होती. फरकाचा रकाना त्यांनी वरून खाली वाचला. शून्य पूर्णांक चार, शून्य पूर्णांक पाच, मग पूर्णांकापुढे तीन, सहा, पाच, चार, सगळे अर्ध्या मैलाच्या आसपास. दुसऱ्या पानावर तेच, तिसऱ्यावर तेच. हे अक्षर त्या ओळखत होत्या.

त्यांनी नचिकेतला फोन लावला. पडद्यावर त्याचा दाढी वाढलेला चेहरा आला. तोही गेला महिनाभर झोपला नसावा.

"वेलणकर, तुमचा डोळा गृहीत स्थान कुठून घेतो?"

"जहाजाच्या उपग्रहयंत्राकडून. पण नुसती सुरुवात करायला, मॅडम. तुमचीच पद्धत. ते चुकीचं असेल तर फरक मोठा यायला हवा."

"आमच्या वह्यांतली जून ते सप्टेंबरची निरीक्षणं किती होती?"

त्याने शोधलं. "चौदा हजार."

"आणि उरलेली सत्तावीस?"

"त्यांत फरक फार विखुरलेले होते. तीन मैल, सात मैल, कधी बारा. प्रोग्रामने कुठली निरीक्षणं भरवशाची ते स्वतःच ठरवलं. पावसाळ्यातली इतकी एकसारखी होती की त्यांना जास्त वजन मिळालं. आम्हाला वाटलं, खराब हवेत पोरं जास्त काळजी घेत असतील."

मॅडमना हसू यावं की रडू, कळेना. खरी पानं यंत्राने चुकीची ठरवली होती, कारण ती खरी असल्यामुळे वेडीवाकडी होती. खोटी पानं नीटनेटकी होती, म्हणून ती त्याने गुरुस्थानी मानली.

"एक काम करा," त्या म्हणाल्या. "चाचणीसाठी किनाऱ्यावर बसवलेला डोळा तुम्हाला तिथून चालवता येतो ना? त्याला खोटं गृहीत स्थान द्या. तो आहे तिथून वीस मैल पलीकडचं."

"असं कधी करून नाही पाहिलं. आम्ही नेहमी खरं स्थानच देऊन..." तो बोलता बोलता थांबला आणि कळा दाबू लागला. दहा मिनिटांनी त्याने मान वर केली. "तो म्हणतोय आपण तिथेच आहोत. फरक अर्धा मैल." आणि मग अगदी हळू आवाजात, "तो क्षितिज वाकवतोय, मॅडम. उत्तर दिलेल्या जागी येईपर्यंत क्षितिज सुधारतोय."

"तो उलटं गणित करतोय," मॅडम म्हणाल्या. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पावसाळ्यात आम्ही आभाळ बघितलंच नव्हतं."

असे डोळे दीडशेच्या वर जहाजांवर बसले होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं. गप्प राहिलं तर नचिकेत कधीतरी प्रोग्राम दुरुस्त करील आणि त्याचं कारण कोणी विचारणार नाही. पण तोवर अफरीन गेलेली असेल, आणि दीडशेतलं अजून एखादं जहाजही. बोलावं, तर अठरा वर्षांच्या वह्या खोट्या ठरतील. त्या वह्यांवर प्रमाणपत्रं मिळवलेली तीनशे चाळीस पोरं आज कुठे कुठे नोकरीवर होती, घरं चालवत होती. आणि त्यांत अफरीन होतीच. तिला वाचवायला ज्या खोट्याची कबुली द्यायची, त्याच खोट्यावर तिचं प्रमाणपत्र उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जेट्टीवर गेल्या. प्रशालेची होडी चालवणारा सारंग लवू तोडणकर जाळीची गाठ घालत बसला होता. प्रशाला सुरू झाली तेव्हापासूनचा माणूस.

"लवू, तुझी वही आसा मा? होडी पाण्यात कधी, वर कधी, ती?"

"आसा. कित्याक?"

"जूनात होडी खंयच्या तारखेक वर घेतंस?"

"धाच्या आत. झापां घालून बांधून ठेवतंय. नारळी पुनवेक नारळ दिल्याशिवाय पाण्यात नाय." त्याने हातातली गाठ खाली ठेवली. "मॅडम, पोरांच्या वहयेत जुलयात होडयेवरसून तारे बघितले म्हणान लिवलला असता, ता माका म्हायत आसा. मी काय बोललंय नाय. तुमी शिकलेली माणसां."

"बोलाक होया होता," मॅडम म्हणाल्या.

"तुमका तरी खंय म्हायत नाय होता?"

त्यांनी वही मागितली आणि त्याने ती दिली.

संध्याकाळी त्यांनी अफरीनला सगळं सांगितलं, तिच्या प्रमाणपत्राचंही. ते आधी सांगणं भाग होतं.

"म्हणजे तुम्ही मला वाचवायला येणार आणि माझंच तारू बुडवणार," अफरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "अब्बांनी माझ्या शिक्षणाला होडी विकली, मॅडम. वही कशी भरायची ते आम्ही ठरवलं नव्हतं. एकोणीस वर्षांची होते मी. तुम्ही सही केलीत म्हणून मला वाटलं, हे असंच असतं."

"हो."

"आणि आता तुम्हाला खरं बोलायचंय."

"मला नाही बोलायचं," मॅडम म्हणाल्या. "अगदी नाही बोलायचं. तू नको म्हणालीस तर मला सुटल्यासारखं होईल. म्हणून तुला विचारत नाहीये, सांगतेय."

अफरीनने फोन ठेवला. पण चौकशीच्या दिवशी ती कच्चा कागद घेऊन मुंबईत हजर होती, आणि मॅडमच्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीत बसली.

चौकशी समितीपुढे मॅडम चाळीस मिनिटं बोलल्या. पावसाळी पानं म्हणजे काय, ती कशी भरतात, डोळ्याने त्यांतून काय उचललं. लवूची होडीची वही आणि पोरांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एका वहीत होडी नारळाच्या झावळ्यांच्या झापांखाली, दुसऱ्या वहीत त्याच दिवशी त्याच होडीवरून तीन तारे. नचिकेतने तिथेच यंत्राला खोटं स्थान देऊन दाखवलं. मग अफरीनचा कागद आणि गणित. अध्यक्ष स्वतः जुने कॅप्टन होते, त्यांनी चष्मा काढून ते आपल्या हाताने पुन्हा केलं. नऊ मैल.

विमा कंपनीचे वकील उठले. "म्हणजे वीस वर्षं आपण खोट्या वह्यांवर सह्या करत होतात?"

"अठरा," मॅडम म्हणाल्या.

आठवड्याभरात दीडशे जहाजांवरचे डोळे बंद करायचा आदेश निघाला. अफरीनवरचा निष्काळजीपणाचा ठपका गेला, वही बदलल्याबद्दल ताकीद मिळाली. कॅप्टनचीही चौकशी लागली. आणि कुबल मॅडमच्या सहीने दिलेली तीनशे चाळीस प्रमाणपत्रं स्थगित झाली. प्रत्येकाने तीस खरी निरीक्षणं पुन्हा करून दाखवायची, प्रत्येक पाच मैलांच्या आत. चुकलेली संध्याकाळ पुन्हा करता येईल, पण एकदाच. त्यांच्याबरोबर मॅडमचं स्वतःचं प्रमाणपत्रही स्थगित झालं. शिकवायचं असेल तर त्यांनीही परीक्षा द्यायची.

पोरं चिडली, चिडणारच. काहींच्या नोकऱ्या सहा महिने लटकल्या. एकाच्या बापाने प्रशालेच्या फाटकाशी येऊन मॅडमना नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी ते उभं राहून ऐकून घेतलं आणि मग वर्गात गेल्या, कारण पावसाळ्याची पानं यंदा कोरी ठेवायची हे पोरांना समजावायचं होतं.

ऑक्टोबर संपता संपता आभाळ निवळलं. सगळ्यांत आधी अफरीनने तीस निरीक्षणं पुरी केली, एकही पाचाच्या बाहेर नाही. परीक्षा घ्यायला माणूस हवा होता. खडकावर घासण्याआधी जिने एकटीने खरं पाहिलं, तिलाच नेमावं असं समितीने ठरवलं. जहाज कंपन्या तिला अजून टाळतच होत्या, तिने ते काम घेतलं. ती मॅडमशी कामापुरतं बोले.

मॅडमची निरीक्षणं डिसेंबरात सुरू झाली. एकोणतीस पार पडली, काही काठावर. तिसावी पहिल्या संध्याकाळी चुकली. एकसष्टाव्या वर्षी हात थोडा कापतो, आणि कापणाऱ्या हाताला तारा क्षितिजावर टेकवता येत नाही. दुसऱ्या आणि शेवटच्या संध्याकाळी लवूने होडी बारा मैल बाहेर नेली. वारा पडलेला, पाणी शांत. पश्चिमेला अभिजित आणि श्रवण लागले, दक्षिणेला एक एकटा ठळक तारा. मॅडमनी तिन्ही घेतले. मग होडीच्या छोट्या टपात दिव्याखाली गणिताला बसल्या. अफरीन दाराशी उभी होती.

तीन रेघा पडल्या. गृहीत स्थानापासून त्या लांब पडल्या, त्यात काही नवल नव्हतं. पण मॅडमना आतून कळलं होतं. श्रवणाच्या वेळी हात निसटला होता.

समोर उपग्रहाचा पडदा चालू होता. परीक्षेचं खरं स्थान तिथेच दिसत होतं. नियमाप्रमाणे तो झाकायचा असतो. अफरीनने तो झाकला नव्हता.

"मी चहा सांगते लवूतात्यांना," अफरीन म्हणाली. इतक्या महिन्यांत तिच्या आवाजात पहिल्यांदा थोडी मऊपणाची छटा होती. "दहा मिनिटं लागतील. तुम्ही घ्या वेळ." आणि ती पाठ फिरवून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे, निघून गेली.

मॅडम त्या पाठीकडे बघत राहिल्या. जुलैत वर्गात पोरं पानं भरत असताना त्या स्वतः अशाच खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत. ती पाठ पोरांना कशी दिसत असेल, हे त्यांना आजवर कधी ठाऊक नव्हतं. त्या पाठीत किती माया होती आणि किती दगा होता, ते एकाच वेळी दिसलं, आणि त्यांना रडू आलं.

दहा मिनिटांनी अफरीन दोन पेले घेऊन आली. मॅडमनी कागद पुढे केला. काही खोडलेलं नव्हतं. अफरीनने पडद्यावरचं स्थान पाहिलं, कागदावरचं पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"अकरा मैल," ती म्हणाली.

"हं."

"मॅडम, तुम्हाला वेळ होता."

"होता," मॅडम म्हणाल्या. "लिही."

अफरीनने पेन उघडलं. मग तिने रकान्यात अकरा लिहिले, खाली "अनुत्तीर्ण" लिहिलं आणि सही केली. मॅडमनी कागद दिव्याकडे वळवून नीट वाचला. अठरा वर्षांत या प्रशालेतून इतकी खरी सही झाली नव्हती.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या, आणि अफरीनने ती घातली.